सूर्य, सागर आणि आपला पाऊस

शेतीचे वेळापत्रक सूर्याने आखून दिलेले आहे. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, मघा, हस्त ही जी पावसाची नक्षत्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजीत आलो, ती सूर्याच्या वार्षिक वाटचालीतील मुक्कामच होत. साहजिकच पाऊस चुकला किंवा उष्मा वाढला की शेतकऱ्याची नजर प्रथम सूर्याकडे जाते.

मुळा-मुठेच्या काठच्या मांजरी बुद्रुक आणि मांजरी खुर्दच्या शिवारांत अलीकडे दोन तऱ्हेचे बोलणे वारंवार कानी येते. पहिले असे की, सूर्यावरील डागांची संख्या कमी-अधिक होते, तीवरून पुढील वर्षाचा पाऊस सांगता येतो. दुसरे असे की, सध्याचा वाढता उष्मा हा सूर्याच्या फेऱ्याचा परिणाम आहे. फेरा उलटला की तो आपोआप उतरेल, तेव्हा बागेचे किंवा पाण्याचे नियोजन बदलण्याचे कारण नाही. ही बोलणी पारावरच राहिली असती तर प्रश्न नव्हता. परंतु त्यांच्या भरवशावर पैसा गुंतविला जातो. द्राक्षाची बाग एकदा उभी केली म्हणजे सुमारे पंधरा वर्षे तिच्यावर प्रपंच चालतो. विहीर, ठिबक संच व शेततळे यांचे कर्ज फेडण्यात अनेक वर्षे जातात. म्हणून सूर्याचा अंमल आपल्या समुद्रावर आणि पावसावर किती चालतो व कोठे संपतो, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

समुद्र ही उन्हाची कोठी

सूर्याचे ऊन जमिनीवर पडते तसेच समुद्रावरही पडते. पण दोहोंचा स्वभाव भिन्न आहे. जमीन लवकर तापते व लवकर निवते. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते आणि मिळालेली उष्णता दीर्घकाळ साठवून ठेवते. खोल विहिरीचे पाणी थंडीत कोमट व उन्हाळ्यात गार लागते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. समुद्राच्या केवळ वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढी वरच्या संपूर्ण वातावरणात मावते. ह्यावरून ह्या कोठीचे आकारमान ध्यानी येईल.

वैशाख-ज्येष्ठात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो आणि बाष्पाने भरलेले नैर्ऋत्येचे वारे आपल्याकडे वाहू लागतात. हाच आपला मोसमी पाऊस. तेव्हा सूर्य हा मूळ धनी खरा. परंतु त्याने दिलेली उष्णता कोणत्या समुद्रात, किती व केव्हा साठली, ह्यावर पावसाचा हिशेब ठरतो.

सूर्याचे लांब, मध्यम आणि आखूड फेरे

सूर्यापासून मिळणाऱ्या उष्णतेत होणारे बदल एकाच प्रकारचे नाहीत. ते वेगवेगळे न ओळखल्यामुळेच पुष्कळसा घोटाळा होतो.

पहिला फेरा हजारो वर्षांचा आहे आणि तो वास्तविक पृथ्वीच्या भ्रमणाचा आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी ही जवळीक जूनच्या सुमारास घडत असे. त्यामुळे त्या काळी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सुमारे सात-आठ टक्के अधिक ऊन मिळे. जमीन अधिक तापे, मोसमी वारे जोराने वाहत आणि पाऊस दूरवर पोहोचे. राजस्थानातील डिडवाणा व लुणकरणसर येथील सरोवरांच्या गाळात अशा ओल्या काळाच्या खुणा सापडल्या आहेत. पुढे ही जवळीक हळूहळू थंडीकडे सरकत गेली आणि मोसमी पाऊसही हजारो वर्षांच्या ओघात उतरणीस लागला.

दुसरा फेरा शतकांचा आहे. सूर्य जोमात असला म्हणजे अवकाशातून येणारे विश्वकिरण पृथ्वीवर कमी पोहोचतात व वातावरणात कार्बन-१४ कमी तयार होतो. सूर्य मंदावला की तो अधिक तयार होतो. झाडांच्या खोडातील वलयांत हा कार्बन साठलेला असतो. ध्रुवाकडील बर्फात बेरिलियम-१० ह्या द्रव्याचीही अशीच नोंद सापडते. ह्या दोन्हींवरून हजारो वर्षांपूर्वीचा सूर्य कधी प्रखर व कधी मंद होता हे कळते. १६४५ ते १७१५ ह्या काळात तर सूर्यावर डाग क्वचितच दिसले.

तिसरा फेरा सुमारे अकरा वर्षांचा असून डागांचा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो हाच. जर्मन निरीक्षक श्वाबे ह्याने १८४३ मध्ये तो प्रथम जाहीर केला. डाग जास्त असतात तेव्हा सूर्य एकंदरीत किंचित अधिक प्रकाशतो. वातावरणाच्या माथ्यावर, किरणांना समोर असलेल्या दर चौरस मीटर क्षेत्रावर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते आणि ह्या फेऱ्यात तिच्यात सुमारे एक वॅटचा फरक पडतो. म्हणजे हजार रुपयांत एका रुपयापेक्षाही कमी. त्यामुळे पृथ्वीच्या सरासरी तापमानात होणारा चढउतार सुमारे ०.१ अंश सेल्सिअस एवढाच असतो.

लोणारच्या गाळातील साक्ष

जुन्या काळी सूर्य, समुद्र आणि पाऊस ह्यांचे नाते कसे होते, ह्याची एक मोलाची नोंद आपल्याच राज्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात वसलेले आहे. त्यातून पाणी बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. पाऊस चांगला झाला की पाणी चढते; पाऊस आटला की पाणी आटून क्षार वाढतात आणि क्षारांचे विशिष्ट स्फटिक तळच्या गाळात बसतात. वर्षानुवर्षांचा हा गाळ म्हणजे पावसाची खतावणीच होय.

शास्त्रज्ञांनी ह्या सरोवराच्या तळातून दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढून त्याचा अभ्यास केला व २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड आढळले. एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. ही अवर्षणे एकदोन हंगामांची नव्हती. ती कित्येक दशके, प्रसंगी शतके टिकली. विशेष असे की, हे दोन्ही कालखंड सूर्य अधिक प्रखर असण्याच्या काळांशी जुळतात. सूर्य प्रखर असता पाऊस वाढावा असे आपणांस वाटेल. मग तो घटला कसा?

ह्याचे उत्तर समुद्रात आहे. हिंदी महासागराचा पूर्व भाग आणि पॅसिफिक महासागराचा पश्चिम भाग मिळून जगातील सर्वांत उबदार पाण्याचा एक विस्तीर्ण पट्टा होतो. हा पट्टा विशेष तापला म्हणजे हवा तेथे जोराने वर चढते व वातावरणाचे अभिसरण असे बदलते की आपल्या भागात हवा खाली उतरू लागते. खाली उतरणाऱ्या हवेत ढग वाढत नाहीत. लोणारच्या अवर्षणांचे कारण संशोधकांनी ह्या पट्ट्याच्या तापण्यात दाखविले आहे.

ओमानच्या किनाऱ्यालगत अरबी समुद्राच्या तळातून काढलेल्या गाळाची साक्ष मात्र वेगळी आहे. मोसमी वारे जोराने वाहिले की तेथे खोलातील थंड पाणी वर येते व त्या पाण्यात वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचे कवच गाळात अधिक साचते. ह्या कवचांच्या गणतीवरून, गेल्या दहा-अकरा हजार वर्षांत सूर्य मंद असता मोसमी वारेही मंदावलेले आढळले. दोन्ही नोंदी काळजीपूर्वक केलेल्या आहेत. त्यांतून बोध घ्यावयाचा तो असा की, सूर्याचा परिणाम समुद्रातून गाळून आपल्यापर्यंत येतो आणि कोणता समुद्र किती तापला ह्यावर तो वाढ की घट हे ठरते. ‘सूर्य प्रखर तर पाऊस अमुक’ असा सरळ आडाखा म्हणूनच बांधता येत नाही.

निसर्गाचा लहरीपणा लहान नव्हे

लोणारच्या नोंदीतील दोन अवर्षणांच्या मधला काळ शेतीला अनुकूल गेला व मध्य भारतात शेतकऱ्यांच्या वसाहती भरभराटीस आल्या. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीच्या काठी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ह्या काळात अशीच एक वसाहत नांदत होती. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ ह्या काळात तिचे उत्खनन केले. तेथील लोक सातू पिकवीत आणि पाण्यासाठी त्यांनी पाट व बांध घातला होता. शेवटच्या काळात मात्र प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या व लोकांचा भर पशुपालनाकडे वळला. पाऊसमान घटल्यामुळे हे घडले असावे, असे उत्खननकारांचे मत आहे.

छत्तीसगडमधील दंडक गुहेतील चुनखडीच्या स्तंभानेही चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऊस वारंवार फार कमी पडल्याची नोंद ठेवली आहे. दख्खनमधील दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण ह्याच काळातील. त्या वेळी गिरण्या नव्हत्या, मोटारी नव्हत्या. म्हणजे मनुष्याचा हात नसतानाही आपला पाऊस दशकानुदशके रुसू शकतो. ही गोष्ट दक्षिणेच्या पठारावर शेती करणाऱ्याने कधीही विसरू नये.

डागांवरून दुष्काळ सांगण्याचा प्रयत्न

डागांवरून पीकपाणी सांगण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल ह्या ज्योतिर्विदाने १८०१ मध्ये डागांची संख्या आणि गव्हाचे भाव ह्यांचा संबंध लावून पाहिला. आपल्याकडे १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. त्याच सुमारास, १८७७ मध्ये, नॉर्मन लॉकियर व विल्यम हंटर ह्यांनी सौर डाग व दुष्काळ ह्यांवर लेख लिहून असे मांडले की, डाग कमी असतात त्या वर्षांत मद्रासकडे पाऊस कमी पडतो. सूर्य कळला तर दुष्काळ आधी कळेल, ही आशा त्या काळी बलवान होती. कोडाईकॅनलची सौर वेधशाळा १८९९ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागेही पावसाचे कोडे उलगडण्याची ही इच्छा होती.

पुण्याचाही ह्या कार्यात वाटा होता. येथील सायन्स कॉलेजात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली व प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा त्यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेध घेतले. त्याच ग्रहणासाठी वॉल्टर माँडर व त्यांच्या पत्नी ॲनी माँडर विदर्भातील तळणी येथे आल्या होत्या. १६४५ ते १७१५ च्या डागविरहित काळाला आज ह्याच माँडर ह्यांचे नाव दिले जाते. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्याची मोठी दुर्बीण कोडाईकॅनलला गेली.

पुढे हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर ह्यांनी जगभरच्या नोंदी गोळा करून डाग, तापमान व पाऊस ह्यांचा गणिताने ताळा घेतला. भाकितास उपयोगी पडेल इतका बळकट संबंध त्यांना आढळला नाही. मात्र ह्याच शोधात त्यांना दुसरी गोष्ट गवसली. पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो आणि आपल्या पावसाशी त्याचा निकटचा संबंध आहे. आज आपण ज्याला ‘एल निनो’ म्हणतो, त्याचीच ही वातावरणातील बाजू होय.

सहा दुष्काळांचा ताळा

शेतकऱ्याने स्वतःच पडताळून पाहावा असा हा हिशेब आहे. १८७७ चा दुष्काळ डाग उतरत असताना पडला. त्यांचा नीचांक १८७८ च्या अखेरीस होता. १८९९ चा दुष्काळही डाग ओसरत असतानाचा. १९१८ चा मात्र १९१७ च्या डागांच्या भरानंतर लगेच आला. १९७२ चा, ज्याची झळ महाराष्ट्राने सर्वाधिक सोसली, १९६८ चा भर आणि १९७६ चा तळ ह्यांच्या मध्यावर पडला. त्या वर्षी देशाचा मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे २४ टक्के कमी होता. २००२ मध्ये सुमारे १९ टक्के तूट आली, तेव्हा डाग भरात होते. २००९ मध्ये सुमारे २२ टक्के तूट आली, तेव्हा ते जवळजवळ नाहीसे झालेले होते.

भर असो, ओहोटी असो वा तळ असो, दुष्काळ प्रत्येक अवस्थेत पडलेला आहे. तेव्हा डागांवरून दुष्काळाचे वर्ष ठरविणे व्यर्थ होय. परंतु ह्या सहाही वर्षांत एक गोष्ट समान होती. मध्य व पूर्व पॅसिफिक समुद्र नेहमीपेक्षा अधिक तापलेला होता, म्हणजेच एल निनो होता.

एल निनो म्हणजे दुष्काळ निश्चित, असेही समजू नये. १९९७ मध्ये एल निनो फार प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्व भागापेक्षा विशेष उबदार राहून आपल्याला साहाय्यकारी ठरला. एल निनोमुळे धोका वाढतो. निकाल लागत नाही.

मग आजचा उष्मा कोणाचा?

१९७८ पासून सूर्याची ऊर्जा उपग्रहांवरून सतत मोजली जात आहे. इतक्या वर्षांत तिच्यात अकरा वर्षांचा चढउतार दिसतो; कायमची वाढ दिसत नाही. २०१४ मध्ये भरास आलेला डागांचा फेरा तर गेल्या शंभर वर्षांतील सर्वांत दुबळा होता. तरीही त्यानंतरची वर्षे उष्णतेचे उच्चांक मोडीत गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की, १९०१ ते २०१२ ह्या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळी महिन्यांत सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापला. डागांच्या फेऱ्याने होणाऱ्या ०.१ अंशाच्या चढउताराशी ह्या आकड्याची तुलना करावी.

आणखी एक खूण आहे. उष्मा सूर्यामुळे वाढला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापत असून वरचे थर निवत आहेत. घोंगडीखाली उबारा व वर गारवा असावा, तसा हा प्रकार आहे. ही घोंगडी म्हणजे कोळसा व तेल जाळून हवेत साठलेला कर्बवायू. पूर्वी दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २८० होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राच्या कोठीत जमा झाली आहे आणि ही कोठी सावकाश रिकामी होते. म्हणून फेरा उलटून उष्मा आपोआप उतरेल, ह्या आशेवर बाग लावू नये. पंधरा वर्षांच्या बागेच्या आयुष्यात डागांचा एक संपूर्ण फेरा येऊन जाईल. उष्मा मात्र राहील.

त्याचबरोबर निसर्गाचा जुना लहरीपणा संपलेला नाही. लोणारच्या गाळात दिसतो तो स्वभाव कायम आहे आणि त्यावर ह्या नव्या उष्म्याची भर पडली आहे. मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचेही आढळले आहे. कोरडे आणि ओले अशा दोन्ही संकटांची तयारी एकाच शेतात करावयाची आहे.

शेतकऱ्याने काय करावे

१. पाऊस स्वतः मोजावा. गावात किंवा शेतात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करावी. मांजरीचा पाऊस आणि पुणे शहराचा पाऊस सारखा नसतो. आपल्या शिवाराची वही हाच खरा आधार.

२. एप्रिलच्या मध्यास व मेच्या अखेरीस हवामान खात्याचा हंगामी अंदाज येतो. त्यात एल निनो व हिंदी महासागर ह्यांविषयी काय म्हटले आहे ते पाहावे. धोका वर्तविला असेल तर आडसाली उसाचे क्षेत्र उपलब्ध पाण्याच्या बेतानेच ठेवावे. हंगामात दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषि हवामान सल्ला वाचून पेरणी, फवारणी व पाणी ह्यांचा निर्णय घ्यावा.

३. जिराईत जमिनीत ओल टिकविण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांच्या संशोधनाचा आरंभ १९२३ मध्ये ह्याच मांजरीत झाला व पुढे सोलापूर आणि विजापूर येथील केंद्रांनी तो वाढविला. बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, शेणखत, वखराच्या पाळ्या, बेताचे बियाणे, रब्बी ज्वारीच्या दीड फुटांवर ओळी आणि वेळेवर कोळपणी ही कामे आजही तितकीच गुणकारी आहेत.

४. उसाचे पाचट जाळू नये, सरीत पसरावे. त्याने ओल टिकते व जमिनीचा कस वाढतो.

५. नवी द्राक्षबाग लावताना पाण्याचा ताण सोसणारा खुंट, ठिबक व आच्छादन ह्यांचा प्रथमपासून विचार करावा. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आल्यास केवडा रोगाचा धोका असतो. निचऱ्याच्या चऱ्या मोकळ्या ठेवाव्यात. अधिक माहितीसाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

सूर्य आपल्या हाती नाही आणि समुद्रही नाही. परंतु दोघांच्या वागणुकीची नोंद आता आपणांजवळ आहे. इनामगावच्या शेतकऱ्याजवळ पाट व बांध होते. पुढचा हंगाम कसा जाईल ह्याचा अंदाज नव्हता. आपणांजवळ दोन्ही आहेत. त्यांचा उपयोग करून प्रत्येक शेतकऱ्याने येत्या मृगापूर्वी आपल्या पाण्याचा व पिकांचा ताळेबंद मांडावा, अशी विनंती आहे.